माहेरच्या पाण्याची कॅन

लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी माहेराहून पाणी आणायची.

कुरड्या, तीळ, तुरीची डाळ, लाल तिखट सगळ्याच लेकी आणतात. माझ्या सामानात त्याशिवाय दहा लिटरची एक पांढरी कॅन असायची. आधी तेलाची होती ती. आईनं राखेनं घासून घासून तिचा वास घालवला होता. झाकण सांडू नये म्हणून त्याखाली पन्नीचा तुकडा. पांढरकवड्याहून यवतमाळ, यवतमाळहून अमरावती, अमरावतीहून दर्यापूर आणि पुढं गावची एसटी. कंडक्टर विचारायचा, "बाई, तेल हाय का?" पाणी म्हटलं की मागच्या सीटवरची माणसंसुद्धा मान लांब करून बघायची.

माझं सासर खारपाणपट्ट्यात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना काळ्या गाळाचा सपाट पट्टा आहे. तिथं विहिरीला पाणी लागतं, पण ते खारट. शेताला द्यावं तर जमिनीवर पांढरा थर येतो आणि पुढच्या वर्षी ढेकूळ फुटता फुटत नाही. म्हणून इथली शेती वरच्या पावसावर. खरिपात कापूस, तूर, मूग आणि थंडीत ओलीवरचा हरभरा. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी, पण मी आले तेव्हा नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. मधल्या दिवसांत टाकी संपली की विहिरीवर जायचं.

पहिल्याच आठवड्यात माझं पोट गेलं. शेजारची काकू म्हणाली, "पानी लागलं नव्या सुनेले." तिचं निदान बरोबर होतं. अशा पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे जुन्या काळी डॉक्टर जुलाबासाठी द्यायचे तेच. माणूस सरावतो, पोटही सरावतं. बाकीच्या गोष्टी मात्र सरावत नाहीत. साबणाला फेस येत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याची साय करून टाकतं. केस धुतल्यावर दोरखंडासारखे. आणि डाळ! आमच्याकडं तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत लोणी व्हायची. इथं सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताला लागायचा. डाळीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं. ते विरघळलं की डाळ गळते. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. हे मला बी.एस्सी. झालेली असूनही तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, सासरचा कुकर खराब आहे. नवऱ्याला नवीन रिंग आणायला लावली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या कॅनकडं पहिल्यांदा रागानं बघायच्या. "काहून वं, आमच्या घरचं पानी नाही पचत काय?" मी एक पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला, थांबल्या, आणि सगळा पेला एका दमात संपवला. "साखर टाकली काय याच्यात?" त्या दिवसापासून कॅनमधलं पाणी दोघींत वाटलं जायचं. देवाला नैवेद्य दाखवतानाच्या गडव्यात माझ्या माहेरचं पाणी असायचं, आणि मला त्याचा केवढा तोरा!

आता माझ्या दातांबद्दल.

माझ्या समोरच्या चार दातांवर तपकिरी पट्टे आहेत. मधल्या दोन दातांवर तर आडव्या रेघाच, कुणी काडीनं चहा ओढावा तशा. माहेरी याचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण वर्गातल्या निम्म्या पोरांचे दात तसेच. मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांतल्या एका बाईनं आईला आत नेऊन विचारलं होतं, "पोरगी नस घासते काय?" तपकीर दाताला घासायची सवय आमच्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्यांना आहे, पण एकोणीस वर्षांच्या पोरीला! आई रडली. मी कोळशानं, मिठानं, लिंबानं दात घासून हिरड्यांतून रक्त काढलं. डाग जागचे हलले नाहीत. ते हलणारच नव्हते, वरून लागलेले असते तर निघाले असते. दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हाच घडण बिघडली होती. असा दात बाहेर येतो तेव्हा खडूसारखा पांढुरका असतो, आणि त्या सच्छिद्र भागात नंतर रंग मुरत जातो. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमच्या दातांचं वेष्टण तयार होत असतं. त्या वयात काय पाणी प्यायलो ते दात आयुष्यभर दाखवत राहतात.

मला मात्र हे कळायला बाबांची मान आखडावी लागली.

बाबा शेतकरी. पन्नाशी उलटल्यावर त्यांची कंबर धरायला लागली, मग गुडघे, मग मान. कामानं झिजले असं सगळे म्हणायचे, बाबाही म्हणायचे. एकदा जूनमध्ये मी माहेरी होते. अंगणात बसले होते ते. ढग गडगडला, तसे बाबा उठले, दोन्ही हात कमरेवर ठेवून अख्खे मागं वाकायला बघू लागले आणि जमेना तेव्हा माझ्या भावाला म्हणाले, "पाह्य रे, कोनत्या अंगानं आलं?" ज्या माणसानं मला ढगांची नावं शिकवली, त्याला मान वर करून आभाळ बघता येत नव्हतं. कुणी हाक मारली की ते सगळे वळायचे, गाडी वळवावी तसे.

यवतमाळला एका डॉक्टरांनी एक्स-रे काढायच्या आधी बाबांकडून तीन गोष्टी करवून घेतल्या. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा. हनुवटी छातीला लावा. दोन्ही हात डोक्यामागं न्या. तिन्ही जमल्या नाहीत. मग डॉक्टर माझ्याकडं वळले आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा हसून दाखवा." मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले नाही, पण बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी बघितलं. "कुठल्या बोअरचं पाणी पिता?"

एक्स-रेमध्ये बाबांचा कणा नेहमीपेक्षा जास्त पांढरा दिसत होता, आणि मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्याही पांढऱ्या झाल्या होत्या. त्या मऊ असायला हव्यात, त्यांच्यात चुना भरला होता. दुखण्याचं नाव फ्लोरोसिस. पाण्यात फ्लोराइड. माझ्या गोड, साखरेसारख्या, देवाच्या गडव्यातल्या पाण्यात.

परतताना एसटीत माझ्या पायाशी कॅन नव्हती.

पुढं मी शिक्षिका झाले, विज्ञान शिकवते, आणि खरं सांगायचं तर त्या रागातूनच मी दगड वाचायला लागले. शाळेत माझ्याकडं मिठाईच्या खोक्यात खनिजांचे नमुने आहेत. फ्रीडरिश मोज नावाच्या माणसानं १८१२ मध्ये खनिजांची कठीणपणाची उतरंड लावली, एक ते दहा. माझ्या खोक्यात सातपर्यंत आहे. एकवर शंखजिरं, पावडरच्या डब्यातलं, नखानं सहज खरवडतं. दोनवर जिप्सम, तेही नखानं ओरखडतं. तीनवर कॅल्साइट, लिंबू पिळलं की फसफसतं, पोरांचं लाडकं. चारवर फ्लोराइट, हिरवट-जांभळा, काचेसारखा, देखणा. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला याचा साठा आहे. पाचवर ॲपेटाइट. सहावर फेल्डस्पार, सातवर आपली गारगोटी.

यातलं पाच नंबरचं खनिज आपल्या तोंडात आहे. दाताचं वेष्टण आणि हाडाचा कठीण भाग हे ॲपेटाइटच्याच जातीचं, कॅल्शियम आणि फॉस्फरसचं. दाताच्या वेष्टणात तर ९६ टक्के खनिजच. आणि चार नंबरच्या खनिजातलं फ्लोराइड पाच नंबरच्या घरात सहज घुसतं. थोडंसं घुसलं तर दात किडीला जास्त टक्कर देतो, म्हणून तर टूथपेस्टमध्ये ते घालतात. जास्त घुसलं की घडणच विस्कटते. शरीरात जेवढं फ्लोराइड साठतं त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. जे साठत नाही ते बहुतेक लघवीवाटे जातं. म्हणजे बाबांच्या कण्यात चाळीस वर्षांचा हिशेब जमा होता.

दगडातून ते पाण्यात येतं कसं, ते मला सगळ्यात जास्त झोंबलं. फ्लोराइड फ्लोराइटमध्ये असतं, ॲपेटाइटमध्ये असतं, काळ्या अभ्रकात आणि काही चिकणमातीतही असतं. पाणी जमिनीखाली वर्षानुवर्षं या दगडांना चाटत राहतं. पण पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड फार वाढू शकत नाही, कारण दोघं भेटले की पुन्हा दगड होऊन खाली बसतात. ज्या पाण्यातलं कॅल्शियम आधीच चुनखडी होऊन बाहेर पडलंय, जे पाणी मऊ आणि खाण्याच्या सोड्याच्या अंगाचं झालंय, त्यात फ्लोराइडला रान मोकळं. आणि मऊ पाणी म्हणजे काय? साबणाला फेस येणारं, डाळ दोन शिट्ट्यांत शिजवणारं, पोटाला न लागणारं. ज्या गुणांसाठी मी ती कॅन दोनशे किलोमीटर वाहिली, त्याच गुणांच्या आडोशानं ते आलं होतं.

किती फ्लोराइड? आपल्याकडच्या मानकात लिटरमागे एक मिलीग्रामपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं. वर्गात मी हे असं सांगते: दोनशे लिटरचा निळा ड्रम घ्या, काठोकाठ भरा आणि त्यात चिमूटभर मीठ टाका. तेवढं झालं दीड. माहेरच्या बोअरला त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. जिभेला कळण्याची काही सोयच नाही. फ्लोराइडला या प्रमाणात ना चव, ना वास, ना रंग.

तपासणीची पेटी मिळाली तेव्हा मी सुट्टीत माहेरी घेऊन गेले. वहिनीच्या ओट्यावर सात बाटल्या मांडल्या, प्रत्येकीवर पट्टी: शाळेचा पंप, मारुतीजवळचा, आमचा बोअर, वाडीतली जुनी विहीर, असं. औषधाचे थेंब टाकले की पाणी गुलाबी होतं, आणि फ्लोराइड असलं तर तो गुलाबी रंग पिवळ्याकडं सरकतो. आमच्या बोअरची बाटली बघता बघता हळदीच्या पाण्यासारखी झाली. जुन्या उघड्या विहिरीची गुलाबीच राहिली. वहिनी म्हणाली, "ते तर गढूळ पानी म्हणून आम्ही ढोराले पाजतो." वरच्या थरातलं पाणी पावसाचं, दगडाशी थोडाच काळ राहिलेलं. बोअर खोल नेला की जुनं, मुरलेलं पाणी लागतं. विहीर उपसून, क्लोरीन टाकून, झाकून घेतली तर ती बोअरपेक्षा बरी, हे गावाला पटवायला मला आणि भावाला दोन उन्हाळे लागले. त्यातही अर्धं श्रेय एका जावेच्या भांडणाला आहे, पण ती गोष्ट वेगळी.

उकळून पाणी प्या, हा सल्ला इथं उलटा पडतो. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. तुरटीचा उपाय खरा आहे. नागपूरच्या नीरी संस्थेनं बसवलेली नलगोंडा पद्धत म्हणजे तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मापात टाकून पाणी ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं घ्यायचं. मापात म्हणजे मापात, अंदाजपंचे नाही. रोज कुणीतरी ते करायला हवं, आणि तिथंच गाडं अडतं. आमच्या गावात एका योजनेतून गाळणीचं यंत्रही बसलं होतं. आतला पदार्थ काही महिन्यांनी धुऊन पुन्हा ताजा करावा लागतो किंवा बदलावा लागतो. तो कुणी बदलायचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही. आता त्या खोलीच्या सावलीत बकऱ्या बसतात. पाणी पिऊ नये अशी खूण म्हणून हातपंपाला लाल रंग दिला होता, तोही उडाला, आणि नव्यानं आलेल्या सुनांना तो पंप कधी लाल होता हेच माहीत नाही.

आहाराचं म्हणाल तर जेवणात कॅल्शियम भरपूर असलं की फ्लोराइड आतड्यातच अडतं. तीळ, दूध, शेवग्याचा पाला आणि पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा तरोटा. तरोट्याच्या भाजीला नाकं मुरडणारी पोरं मी रोज बघते. उलट काळं मीठ, कोरा चहा, तंबाखू यांतून फ्लोराइड आणखी पोटात जातं. माझा भाऊ हे ऐकून मान डोलावतो आणि पन्नीतला खर्रा घोटत बसतो. सुपारी, तंबाखू, चुना. चुना म्हणजे भाजलेला कॅल्साइटच, तीन नंबरचा. "यात कॅल्शियम हाय ना मग?" असं वर मलाच विचारतो. त्याच्या तोंडात आता तीन बोटं उभी जात नाहीत. त्याच्यावर लिहायला बसले तर दुसरी पोस्ट होईल, आणि वहिनी वाचते हे.

सासरकडं मात्र सगळा दोष जिभेला कळणाऱ्या मिठाला मिळतो. मिठाचा दोष नाही असं नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पाणीच खारट, त्यात ठेचा, लोणचं, पापड म्हटलं की ते केव्हाच ओलांडतं, आणि रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडाला त्रास होतो तो या वाटेनंही. आत्याबाईंना खडा झाला तेव्हा सगळे म्हणाले, पाण्यातला चुना साठला. पण पाणी नको वाटतं म्हणून त्या दिवसभरात जेमतेम तीन-चार पेले पाणी प्यायच्या, ते कुणी मोजलं नाही. लघवी दाट झाली की त्यातले क्षार खड्याच्या रूपात बसतात, खारट पाण्यामागचा हा छुपा मार. दुधातलं कॅल्शियम बंद करून तर उलटंच होतं, कारण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं.

त्यांचा खडा मी डबीत जपून ठेवलाय. आत्याबाईंना किळस येते, मला नाही. हे खडे म्हणजे रीतसर खनिजं आहेत, त्यांना नावं आहेत. कॅल्शियम ऑक्झलेटच्या एका प्रकाराला व्हेवेलाइट म्हणतात आणि दुसऱ्याला वेडेलाइट. हे दुसरं नाव अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रावरून पडलं, कारण तिथल्या तळाच्या गाळात ते आधी सापडलं. मी हे सांगितल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "येवढ्या दूरचं माया पोटात कसं आलं वं?"

चार वर्षांपूर्वी शुद्ध पाण्याचं यंत्र विकणारा एक पोरगा दारी आला. पेनासारखं मीटर बुडवलं, आकडा दाखवला, मग दोन सळ्या पाण्यात सोडून वीज लावली. पाणी गढूळ लालसर झालं. आत्याबाई घाबरल्या. तो लाल गाळ पाण्यातला नव्हता, त्याच्याच सळीच्या लोखंडाचा होता. क्षार जास्त तर वीज जास्त वाहते, एवढीच जादू. मी त्याला माहेरच्या बोअरची बाटली आणून दिली, नमुन्यासाठी ठेवलेली. मीटरनं चारशेच्या आत आकडा दाखवला. "ताई, हे तर एकदम बेस्ट पाणी आहे, याला मशीनच नको." ते मीटर एकूण क्षार मोजतं. शेकडो मिलीग्राम क्षारांच्या गर्दीत तीन मिलीग्राम फ्लोराइड त्याला दिसत नाही. त्याचं आणि माझ्या जिभेचं एकच. यंत्र आम्ही पुढं दुसरीकडून घेतलंच, कारण त्यानं खारट पाण्यातले क्षार खरोखर कमी होतात. फक्त त्यातून वाया म्हणून बाहेर पडणारं जास्त खारट पाणी आम्ही झाडांना घालत नाही, भांडी विसळायला वापरतो.

भावाच्या थोरल्या मुलीच्या दातांवर पट्टे आहेत. धाकटा सात वर्षांचा, विहिरीच्या पाण्यावर वाढलेला. गेल्या दिवाळीत त्याचे पुढचे दोन नवे दात आले. मी त्याला उन्हात नेऊन, ओठ वर करून बघितले. पांढरे. वहिनीनं मागून विचारलं, "काय बघता वं ताई, घोड्याचा बाजार भरला का?"

बाबांच्या हाडांतलं आता निघणार नाही. दुखणं वाढू नये एवढंच. ते बसूनच असतात. मागच्या वेळी जाताना गंमत म्हणून मी तीच जुनी कॅन काढली, धुतली, शहानूरच्या नळाचं पाणी यंत्रातून काढून भरलं आणि दर्यापूरहून उलट्या दिशेनं एसटीत चढवली. बाबांना पेला दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरून, मान न उचलता, पेला तिरपा करून थोडं थोडं घेतलं.

"कसं आहे?"

"याले काही चवच नाही वं माय," बाबा म्हणाले. मग भिंतीकडं बघत हळूच, वहिनीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "आपल्या बोअरचं दे ना एक घोट."